दहा पॅलेट, अकरा महिने: नागपूरच्या तीन ऋतूंनंतरचा अनुभव

मागच्या दिवाळीनंतरच्या आठवड्यात मी हिंगणा रोडवरच्या एका भंगारवाल्याकडून दहा लाकडी पॅलेट घरी आणली. पॅलेट म्हणजे गोदामात आणि ट्रकमध्ये माल ज्यावर रचतात ती फळ्या, दांडे आणि ठोकळे ठोकून केलेली चौकट. आज त्यातली सात कामात आहेत, एकाच्या फळ्यांचं शेल्फ झालं, एक वाळवीने खाल्लं आणि एक कुलरच्या पाण्याने कुजलं. हे सगळं सविस्तर लिहितेय, कारण आणण्याआधी मी जे जे व्हिडिओ पाहिले त्यात पॅलेटचा सोफा नवा कोरा असतानाच दाखवला होता. त्या सोफ्याने मे महिन्याचं ४५ अंशांचं ऊन आणि ऑगस्टची ओल सोसल्यावर तो कसा दिसतो, हे मला कुठेच सापडलं नाही.

आमचं घर नरेंद्रनगर भागात आहे. तळमजला, मागे दहा बाय बारा फुटांची परसबाग, वर गच्ची. घरात सासरे, आम्ही दोघं आणि नववीतला मुलगा. टाकाऊ लाकूड घरात आणणं आम्हाला नवं नाही. माझ्या माहेरी संत्र्याच्या रिकाम्या पेट्या एकावर एक ठेवून पुस्तकांची मांडणी केलेली होती आणि ती मांडणी माझं शिक्षण संपेपर्यंत टिकली. पॅलेट म्हणजे मला त्याच पेटीचं थोरलं भावंड वाटलं होतं. पण पेटी घरात होती, पॅलेट मी अंगणात नेली. हा फरक केवढा मोठा आहे, ते पुढे येईलच.

आधी खरेदीबद्दल. हिंगणा आणि बुटीबोरीच्या एमआयडीसीतून, वाडीच्या गोदामांतून निघालेली पॅलेट भंगारवाल्यांकडे येतात. ढिगात दोन प्रकार दिसतात. एक पाइनवुड: पिवळसर, हलकं, आरपार गाठी दिसणारं. दुसऱ्याला सगळे जंगलवुड म्हणतात. ते एका झाडाचं नसतं, जे मिळेल ते चिरून ठोकलेलं असतं, जड असतं आणि फळ्यांची जाडी सारखी नसते. मला पाइनवुडचं एक २५० रुपयांना आणि जंगलवुडचं १३० रुपयांना पडलं. पहिल्याची सहा, दुसऱ्याची चार घेतली. २,०२० रुपये झाले, वर छोटा हत्ती टेम्पोचं भाडं ८०० रुपये. भाडं धरलं नाही तर हिशेब फार स्वस्त वाटतो, म्हणून आवर्जून सांगते.

घेताना किंमत नंतर, आधी ठोकळ्यावरचा शिक्का पाहा. परदेशी जाणाऱ्या-येणाऱ्या मालाच्या पॅलेटवर गव्हाच्या ओंबीचं चिन्ह, देशाची अक्षरं, बनवणाऱ्याचा क्रमांक आणि प्रक्रियेची अक्षरं डागलेली असतात. एका देशातली कीड लाकडातून दुसऱ्या देशात जाऊ नये म्हणून २००२ मध्ये हा आंतरराष्ट्रीय नियम आला. त्याला आयएसपीएम १५ म्हणतात. शिक्क्यात ‘एचटी’ असेल तर लाकूड तापवलेलं आहे, म्हणजे त्याच्या गाभ्यापर्यंत ५६ अंश सेल्सियस तापमान सलग ३० मिनिटं राखलेलं आहे. ‘एमबी’ असेल तर मिथाइल ब्रोमाइड या विषारी वायूची धुरी दिलेली आहे. ओझोनच्या थराला घातक म्हणून मॉन्ट्रियल करारात या वायूवर बंधनं आली, पण मालाच्या अशा धुरीकरणाला सूट आहे, त्यामुळे असा शिक्का आजही दिसतो. मला ढिगात दोन एमबीची मिळाली, ती मी बाजूला ठेवली. वायू उडून जातो हे खरं, पण ज्यावर धान्य ठेवायचं, ज्यात भाजी लावायची, तिथे मला ते लाकूड नको होतं.

देशातल्या देशात फिरणाऱ्या पॅलेटला हा नियम लागू नाही, म्हणून शिक्का नसणं हा दोष नव्हे. मात्र त्याचा इतिहास आपल्याला विचारून घ्यावा लागतो. माझी चारही जंगलवुडची टाइल्सच्या गोदामातली होती, कोरडा माल. तेलकट डाग, रंगाचे ओघळ, औषधाचा वास असलेलं पॅलेट फुकट मिळालं तरी घेऊ नका. नाकाजवळ नेऊन वास घ्या, भंगारवाला हसला तरी चालेल. आणि पूर्ण निळ्या रंगात रंगवलेली पॅलेट बहुधा भाड्याने फिरवणाऱ्या कंपनीच्या मालकीची असतात. ती भंगारात दिसली तरी आपण घ्यायची नाहीत.

आता ती गोष्ट, जी मला कुणीतरी आधी सांगायला हवी होती. एचटी म्हणजे वाळवी न लागणारं लाकूड नव्हे. तापवल्याने त्या दिवशी लाकडात असलेली कीड मरते. नंतर येणाऱ्या किडीसाठी त्यात काहीही नसतं. भंगारवाल्याने मला ‘ट्रीटमेंटवालं आहे ताई, काही लागत नाही’ असं छातीठोकपणे सांगितलं आणि मी ते मानलं. तो खोटं बोलत होता असं मला वाटत नाही, त्यालाही तसंच माहीत असावं.

पॅलेट सुटं करून त्याच्या फळ्या वापरायच्या, हा माझा मूळ बेत होता. पहिल्याच संध्याकाळी तो बदलला. पहार घालून चार फळ्या उचकटल्या, त्यातल्या तीन टोकाला फाटल्या. दुसऱ्या दिवशी ओळखीचे सुतारकाका आले. त्यांनी एक खिळा उपटून हातात दिला आणि म्हणाले, ‘‘ताई, लाकूड तं चांगलं हाये, पण खिळा पीळदार हाये. हा असा निघाचा नाई, फळी फाडूनच निघन.’’ पॅलेटचे खिळे साध्या खिळ्यासारखे गुळगुळीत नसतात, अंगाला पीळ असतो, म्हणून ते लाकडाला धरून बसतात. हादरे खात ट्रकमधून जायचं असतं त्यांना. काकांनी सांगितलेला उपाय असा: फळी आणि दांडा यांच्यामध्ये लाकडी पाचर ठोकून फट करायची आणि त्या फटीतून हॅक्सॉ ब्लेड घालून खिळाच कापायचा. डोकं फळीत राहतं, तिथे काळा ठिपका दिसतो, पण फळी अखंड निघते. एका फळीला मला वीस मिनिटं लागली. रंधा मारण्याआधी प्रत्येक ठिपका बोटाने चाचपून पाहा, नाहीतर रंध्याच्या पात्याला दातरे पडतात. जाड हातमोजे घालाच. पाइनची कुसळं बारीक असतात आणि बोटात शिरून आत मोडतात.

त्या एका पॅलेटमधून स्वयंपाकघरातलं चार खणांचं शेल्फ झालं. छान झालं आहे, अकरा महिन्यांत त्याला काहीही झालेलं नाही. पण तीन दिवस गेले. तेवढ्या फळ्या लकडगंजच्या लाकूडबाजारातून रंधा मारून आणल्या असत्या तर पैसे जास्त गेले असते, दिवस वाचले असते. ज्याला हातकाम आवडतं त्याने हे करावं. बाकीची नऊ मी अखंडच वापरली आणि तोच निर्णय योग्य ठरला.

लाकडाला काय लावायचं, यावर घरात चर्चा झाली. चकचकीत पॉलिश उन्हात पापुद्रे धरतं म्हणून मी जवसाचं तेल निवडलं. आपल्याकडे जवस पिकतो, घाणीवर कच्चं तेल मिळतं. नोव्हेंबरात तेलाचा पहिला हात वाळायला चार-पाच दिवस लागले, एप्रिलमध्ये दुसरा हात दोन दिवसांत वाळला. रंग सुंदर येतो, गाठी उठून दिसतात. इथे एक धोक्याची गोष्ट कळकळीने सांगते. हे तेल पुसलेलं फडकं बोळा करून ठेवायचं नाही. तेल वाळताना स्वतः उष्णता सोडतं, बोळ्यात ती कोंडते आणि फडकं आपोआप पेट घेऊ शकतं. एप्रिलच्या दुपारी मी बादलीत टाकलेलं फडकं तासाभराने उचललं तर हाताला चांगलंच गरम लागलं. तेव्हापासून फडकी दोरीवर सुटी पसरून वाळवते, नाहीतर पाण्यात बुडवून ठेवते. आमच्याकडे मे महिन्यात सावलीतही जी आच असते, तिच्यात हा धोका वाढतोच. तेलाचा दुसरा दोष पावसाळ्यात कळला. कच्च्या तेलावर बुरशी जगते. ऑगस्टमध्ये सावलीच्या बाजूच्या फळ्यांवर काळे ठिपके आले. ते घासून निघाले, तरी लाकडावर सावट राहिलंच.

आता एकेक वापर.

धान्याखालचं पॅलेट हा सगळ्यात सरस. आम्ही एप्रिल-मेमध्ये वर्षाचा गहू, तांदूळ, तुरीची डाळ भरतो. दरवर्षी कोठ्या आणि पोती फरशीवर, खाली जुनी पोती पसरून. पावसाळ्यात फरशीला ओल येते आणि तळाची पोती दमट लागतात. बाबा, म्हणजे माझे सासरे, धान्याच्या वखारीत नोकरीला होते. पॅलेट पाहताच म्हणाले, ‘‘हे तर आमचं डनेज आहे.’’ वखारीत पोत्यांच्या थप्पीखाली लाकडी चौकटी घालतात त्याला डनेज म्हणतात, जमिनीची ओल धान्यात चढू नये म्हणून. त्यांनीच मांडणी करून दिली. भिंतीपासून हातभर अंतर, फटीतून केरसुणी फिरेल अशी दिशा, आणि वजन मधोमध नाही, दांड्यांवर. हवा खालून खेळते. या वर्षी सप्टेंबरपर्यंत एकाही पोत्याचा तळ दमट लागला नाही. आठवड्यातून एकदा खाली केर काढावा लागतो, नाहीतर उंदरांना ती जागा आवडेल. बाबा ते काम कुणाला करू देत नाहीत. निवृत्त होऊन त्यांना बरीच वर्षं झाली. पोत्यांची थप्पी लावताना ते ज्या आवाजात आम्हाला सूचना देत होते, तो आवाज माझ्या मुलाने पहिल्यांदाच ऐकला. दहा पॅलेटमधून मला दुसरं काहीही मिळालं नसतं तरी चाललं असतं.

बैठक गच्चीवर आहे, पत्र्याच्या शेडखाली. दोन पॅलेट एकावर एक, वर पिंजाऱ्याकडून भरून घेतलेली कापसाची गादी. मापात मी चुकले. एका पॅलेटची उंची साडेपाच इंच, दोन मिळून अकरा, वर चार इंचांची गादी; म्हणजे बसायची उंची पंधरा इंच. खुर्ची साधारण सतरा-अठरा इंचांची असते. हे तीन इंच तरुणांना जाणवत नाहीत, पण बाबांना गुडघ्यांमुळे उठताना आधार लागायचा. खाली आडव्या विटा घातल्या, अठरा इंच झालं, आता ते आपले आपण उठतात. दुसरं, पॅलेट सव्वातीन फूट रुंद असतं, एवढं खोल आसन पाठीला टेकू देत नाही. लोड आणि तक्के हवेतच, ते नसतील तर ती बसायची नव्हे, लवंडायची जागा होते.

मे महिन्यात या बैठकीने मला लाकडाविषयी पुष्कळ शिकवलं. कोरड्या हवेत फळ्या आक्रसल्या, फटी रुंदावल्या आणि खिळ्यांची डोकी वर आली. गादीचं कापड एका ठिकाणी अडकून फाटलं. जूनच्या पहिल्या आठवड्यात सगळे खिळे पुन्हा ठोकून घेतले. पावसाळ्यात त्याच फळ्या फुगल्या, फटी मिटल्या, एक फळी कायमची वाकली. म्हणून दर वर्षी पावसाच्या तोंडावर हातोडी घेऊन एक फेरी मारायची, हे मी आता कामाच्या यादीत लिहून ठेवलं आहे. एवढं केलं तर बैठक अजून काही वर्षं जाईल असं तिच्या अंगाकडे पाहून वाटतं.

उभी बाग, म्हणजे पॅलेट उभं करून फळ्यांच्या कप्प्यांत रोपं, हा प्रकार फोटोत सगळ्यात देखणा असतो आणि नागपुरात सगळ्यात कठीण. कप्प्यात माती मावते चार बोटं खोल. हिवाळ्यात पालक, मेथी, कोथिंबीर झकास आली. मार्चच्या मध्यापासून पश्चिमेच्या भिंतीवर सकाळचं पाणी दुपारी बारापर्यंत पुरेना. पुदिना वाळला, कोथिंबीर फुलावर गेली. पॅलेट पूर्वेच्या भिंतीला हलवलं, वर हिरवी जाळी बांधली, भाजी सोडून चिनी गुलाब लावला. त्याची पानं मांसल, त्याला ऊन मानवतं. मे-जूनमध्ये तोच एक फुलत होता.

एक प्रसंग मात्र गंभीर झाला असता. सुरुवातीला मी पॅलेट भिंतीला नुसतं टेकवून ठेवलं होतं. मेच्या शेवटी संध्याकाळी वादळ सुटलं आणि ओल्या मातीसकट ते तोंडावर पडलं. पाच मिनिटं आधी मुलगा तिथे सायकल लावत होता. ओली माती भरलेलं पॅलेट दोघांना उचलता उचलत नाही इतकं जड होतं. दुसऱ्याच दिवशी भिंतीत वर-खाली लोखंडी पट्ट्या ठोकून ते जखडलं. घरात मूल असो नसो, उभं पॅलेट न जखडता एक रात्रही ठेवू नका.

कुलरखाली पॅलेट ठेवणं ही चूक होती. कल्पना बरी वाटली: मागच्या ओट्यावर खिडकीच्या उंचीला कुलर येईल, वजनाची चिंता नाही. वजन पेललं, त्याबद्दल तक्रार नाही. पहिल्याच दिवशी कुलरचं चाक दोन फळ्यांच्या फटीत अडकलं म्हणून वर प्लायवूडचा तुकडा टाकला. खरं नुकसान त्या प्लायने केलं. वाळ्याच्या ताट्यांतून ठिबकणारं पाणी प्लाय आणि फळी यांच्यामध्ये साचून राहिलं, एप्रिलपासून जूनपर्यंत रोज. कुलर उतरवला तेव्हा वरच्या फळ्या काळ्या पडल्या होत्या, नख दाबलं तर आत जात होतं. लाकूड भिजलं की लगेच कुजत नाही, भिजून वाळायला जागा मिळाली नाही की कुजतं. गच्चीवरच्या बैठकीवर वाऱ्याने पावसाचे शिंतोडे येतच होते, तरी ती टिकली, कारण तिच्या खालून वारा जात होता. कुलरसाठी आता लोखंडी अँगलचा स्टँड केला आहे.

राहिलं कंपोस्ट. परसबागेत चार जंगलवुडची पॅलेट चारी बाजूंना उभी करून तारेने बांधली, समोरचं अर्ध्यावर कापलं. काम दोन तासांचं. घरचा ओला कचरा आणि शेजारच्या कडुनिंबाची गळलेली पानं यांचे थर. फेब्रुवारी-मार्चमध्ये पानं इतकी गळतात की पूर्वी ती पोत्यात भरून द्यावी लागत, आता ती सगळी याच खड्ड्यात, खरं तर पेटीत, जातात. फळ्यांच्या फटींतून हवा लागते, त्यामुळे वास येत नाही. मे महिन्यात ढीग पार कोरडा पडतो, दर तिसऱ्या दिवशी पाणी शिंपडावं लागतं. पावसात वरून जुना पत्रा. ऑगस्टमध्ये पहिलं खत चाळलं, काळं, भुसभुशीत, ओल्या जमिनीच्या वासाचं. आमच्या काळ्या मातीत ते मिसळल्यावर कुंड्यांतलं पाणी साचणं थांबलं. मला या खताचा फार आनंद आहे.

आणि इथेच वाळवी आली. आमच्या भागात जुनी माणसं उधई म्हणतात. तीन पॅलेट मी विटांवर उभी केली होती. चौथं, कंपाउंडच्या भिंतीकडचं, विटा संपल्या म्हणून थेट मातीवर. जुलैच्या शेवटी त्याला हात लावला तर फळी पोकळ वाजली. दाबली तर पापुद्रा राहिला, आतलं सगळं मातीने भरलेलं. बाहेरून एकही खूण नव्हती, कारण लाकूड मातीला टेकलेलं असल्यावर वाळवीला बाहेर यायची गरजच नसते. शेजारचं विटांवरचं पॅलेट पाहिलं. तिथेही ती निघाली होती, पण विटेच्या अंगावरून मातीची बोटाएवढी नळी बांधत, उघड्यावर. ती नळी मी ब्रशने झाडून टाकली. दोन दिवसांनी पुन्हा आली, पुन्हा झाडली. सुतारकाका म्हणाले, ‘‘वीट तिले थांबवत नाई ताई, वीट तिले दाखवते.’’ भाजीच्या वाफ्याशेजारी विष ओतायचं नाही हे माझं आधीपासून ठरलेलं होतं, म्हणून झाडणी हाच उपाय ठेवला. रविवारी सकाळी चहा घेऊन मागे जाते, चारी कोपऱ्यांच्या विटा पाहते. ही तीन पॅलेट आजही ठणठणीत आहेत. लाकूड तेच, एकाच दिवशी आणलेलं, कंपोस्ट तेच. फरक फक्त दोन विटांचा.

खाल्लेलं पॅलेट मी ढिगात टाकलं नाही. लांब उन्हात नेऊन मोडलं आणि वाळवलं. तिथली माती दोन फूट खणून उलटीपालटी केली.

या कामासाठी पाइनवुड घ्यायचं की जंगलवुड, असं दोन शेजाऱ्यांनी विचारलं. घरात आणि छपराखाली पाइन घ्या, हलकं आहे, घासल्यावर साफ होतं. उघड्यावर, मातीजवळ, जिथे दोन-तीन वर्षांनी बदलायचंच आहे, तिथे जंगलवुड पुरेसं आहे. मात्र घेताना फळीखाली पांढरा बारीक भुसा पडतो का ते आपटून पाहा. भुंगा लागलेलं एक पॅलेट धान्याच्या खोलीत गेलं तर घरातलं दुसरं लाकूडही धोक्यात येतं.

कुलरखालच्या पॅलेटच्या तळाच्या पाच फळ्या चांगल्या निघाल्या. पाणी वर साचलं होतं, खालपर्यंत पोचलं नव्हतं. खिळे कापून त्या गच्चीवर वाळत घातल्या आहेत. कंपोस्टची चौथी बाजू सध्या जाळी लावून चालवतेय. पुढच्या रविवारी सुतारकाका येतील तेव्हा त्या पाच फळ्या तिथे बसतील, आणि या वेळी विटा आधीच आणून ठेवल्या आहेत.